क्लाउडमधल्या पत्त्यांची दवंडी : कोणती पद्धत कोणाच्या कामाची?

अनेक व्यापारी बंधूंचा हिशेब, मालाची नोंद व बिले आता क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या भाड्याच्या संगणकांवर गेली आहेत. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट व गूगल या तिन्ही कंपन्यांची अशी केंद्रे महाराष्ट्रातही आहेत. एक दुकान, एक इंटरनेट लाइन एवढाच ज्यांचा कारभार आहे, त्यांना पुढील माहितीची निकड नाही. परंतु पेढी, गोदाम व कारखाना वेगवेगळ्या जागी असून ज्यांनी क्लाउडपर्यंत खासगी लाइन घेतली आहे, त्यांनी हा मसला जरूर समजून घ्यावा. यात पैशाचा प्रश्न आहे.

क्लाउडमध्ये आपल्या संगणकांसाठी पत्त्यांचा एक गट ठरवावा लागतो. उदाहरणार्थ, १०.२०.०.०/१६. तिरप्या रेघेनंतरचा आकडा गटाचा आकार सांगतो. /१६ म्हणजे ६५,५३६ पत्ते, /२४ म्हणजे फक्त २५६. आकडा मोठा, तितका गट लहान.

हा गट कोठे आहे, हे पेढीच्या राउटरला कळायला हवे. त्यासाठी बीजीपी नावाची पद्धत आहे. १९८९ साली कर्क लॉगहीड व याकोव्ह रेख्तर या दोन इंजिनियरांनी तिचा पहिला आराखडा जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर काढला. प्रत्येक राउटर शेजारच्या राउटरला सांगतो, ‘हे पत्ते माझ्याकडून गाठता येतील.’ यालाच आम्ही दवंडी म्हणतो. लाइन तुटली की दवंडी मागे घेतली जाते व माहिती दुसऱ्या वाटेने जाते.

यात एक नियम पक्का आहे : बारीक गटाची दवंडी मोठ्या गटाच्या दवंडीवर मात करते. बिल्टीवर ‘भिवंडी, नारपोली’ असे असेल तर ट्रान्सपोर्टवाला माल नारपोलीच्या माणसाकडेच देणार, तसेच हे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी /२४ ची दवंडी दिली व ती बाहेर पसरली. यूट्यूबची स्वतःची दवंडी /२२ ची होती. परिणामी, जगातील बऱ्याच भागांत यूट्यूब सुमारे दोन तास बंद पडले.

आता क्लाउडमधील पद्धती पाहू.

पहिली, प्रत्येक उपगटाची वेगळी दवंडी. गूगलचा क्लाउड राउटर काही न सांगता असेच करतो. नवा उपगट केला की तो आपोआप जाहीर होतो, हा फायदा. मात्र यादी लांबत जाते.

दुसरी, सबंध गटाची एकच दवंडी. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरमध्ये नेटवर्कचा पूर्ण पत्ता-गट जाहीर होतो, आत उपगट कितीही असोत. यादी आटोपशीर राहते. पण तेच आकडे पेढीतही वापरले असतील तर घोटाळा होतो, म्हणून सुरुवातीलाच दोन्हीकडचे गट वेगळे ठेवावेत.

तिसरी, आपण दिलेल्या यादीप्रमाणे दवंडी. गूगलमध्ये ही सोय आहे. ॲमेझॉनमध्ये ट्रान्झिट गेटवे खासगी लाइनला जोडला की यादीत लिहिलेलेच गट जाहीर होतात. ताबा पूर्ण आपला, जबाबदारीही आपली. यादीत लिहायचे राहिलेला गट पेढीला दिसणार नाही.

आपल्या बाजूनेही दवंडी द्यावी लागते व तिला मर्यादा असते. ॲमेझॉनच्या डायरेक्ट कनेक्ट लाइनच्या खासगी जोडणीवर १०० पेक्षा जास्त मार्ग पाठवले तर बीजीपीची जोडणीच बंद होते. म्हणून लहान गट एकत्र बांधूनच पाठवावेत.

खरे नुकसान होते ते राखीव लाइन असलेल्यांचे. समजा, आपल्या राउटरने महागड्या खासगी लाइनवर /१६ ची दवंडी दिली आणि इंटरनेटवरील राखीव व्हीपीएनवर /२४ च्या. गट सारखा असेल तर ॲमेझॉन व ॲझ्युअर खासगी लाइनलाच पसंती देतात. येथे मात्र बारीक गट जिंकतो व क्लाउडकडून येणारी माहिती स्वस्त व्हीपीएनवरून येते. सगळे सुरळीत दिसते, फक्त खासगी लाइनचे भाडे फुकट जाते.

आमचे मत असे की मध्यम व्यापाऱ्याला दुसरी पद्धत पुरेशी आहे. क्लाउडमध्ये अनेक नेटवर्क असतील तर तिसरी घ्यावी. उपगट मोजके असतील तरच पहिली ठेवावी. ठेकेदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : कोणते गट जाहीर होतात, दोन्ही लाइनींवर ते सारखेच आहेत काय, आणि नवा गट आला की यादी कोण बदलणार. मग शुक्रवारी पेढी बंद असताना खासगी लाइन काढून, बिल निघते की नाही याची खातरजमा करावी.