मेंदूच्या गाभ्यातील गाठ व संगणकाचे साहाय्य

मुलाच्या मेंदूतील गाठ कर्करोगाची नाही, हे ऐकून पालकांना हायसे वाटते. परंतु हीच साधी गाठ थॅलॅमससारख्या खोल भागात असल्यास तिच्याभोवती हालचाल व संवेदना यांचे मार्ग असतात. त्यामुळे पूर्वी ती काढणे अत्यंत धोक्याचे मानले जाई. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. पॅट्रिक केली यांनी स्कॅनच्या प्रतिमांवरून संगणकात गाठीची त्रिमिती आकृती उभी करून तिच्या आधारे शस्त्रक्रिया करण्याची पद्धत विकसित केली. मुलांमधील पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा ही गाठ बहुधा स्पष्ट सीमेची असते. ती पूर्ण काढता आल्यास सहसा किरणोपचार लागत नाहीत आणि वाढत्या मेंदूवरील त्यांचे दुष्परिणाम टळतात.

मात्र कवटी उघडल्यावर मेंदूभोवतीचा द्रव निघून मेंदू किंचित सरकतो व संगणकातील नकाशा तेवढा चुकतो. अशा वेळी कोठे थांबावे, हा निर्णय शल्यविशारदाचाच असतो. म्हणून देणगीदारांना नम्र विनंती, की यंत्रसामग्रीइतकेच शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व अतिदक्षता विभागातील परिचारिका यांच्या प्रशिक्षणासही आपण साहाय्य करावे.