पांढरा कुडा की काळा कुडा? कुटजाची निश्चिती आपल्याच दारी

अतिसार, प्रवाहिका व रक्तातिसार या व्याधींत कुटजाइतके भरवशाचे द्रव्य विरळाच. कुटजारिष्ट, कुटजावलेह व कुटजघनवटी हे कल्प प्रत्येक औषधालयाच्या फळीवर असतातच. असे असूनही एका पावसाळ्यात उल्हासनगर कॅम्प ५ येथील आमच्या चिकित्सालयात कुटजत्वक् क्वाथ देऊनही दोन रुग्णांस उपशय मिळेना. मात्रा वाढवण्यापूर्वी आम्ही सालीचा तुकडा चघळून पाहिला. कडूपणा नावापुरताच होता. पिशवीवर नाव कुटजाचे, आत मात्र काळ्या कुड्याची साल! दोष ना शास्त्राचा होता, ना रुग्णाचा. द्रव्य न पारखता स्वीकारणाऱ्या आमचाच तो होता.

नावांचा गोंधळ

चरकसंहितेच्या कल्पस्थानात वत्सकाचे पुरुष व स्त्री असे दोन भेद सांगितले आहेत. मोठे फळ, श्वेत पुष्प व स्निग्ध पान असलेला तो पुरुष; श्याम वा अरुण पुष्पाची आणि लहान फळाची ती स्त्री. पुंकुटज म्हणजे आपला पांढरा कुडा (होलाऱ्हेना प्युबेसन्स), हे बहुमान्य आहे. स्त्रीकुटज म्हणून सामान्यतः काळा कुडा (राइटिया टिंक्टोरिया) सांगितला जातो. पण त्याचेही फूल पांढरेच असते. अरुण पुष्पाचे वर्णन तांबड्या कुड्यास (राइटिया आर्बोरिया) अधिक जुळते, असे आम्हांस वाटते.

लॅटिन नावांनी यात भरच घातली. प्रवाहिकाघ्न या अर्थाचे 'अँटिडिसेंटेरिका' हे विशेषण आपल्या ग्रंथांत दीर्घकाळ पांढऱ्या कुड्यास लावले जात होते. परंतु लिनियसने १७५३ मध्ये ज्या वनस्पतीस तत्सम नाव दिले, ते श्रीलंकेतील झुडूप आज 'राइटिया अँटिडिसेंटेरिका' म्हणून ओळखले जाते. शोभेचे रोप म्हणून ते रोपवाटिकांत मिळते. ते कुटज नव्हे.

झाडावरची ओळख

अंबरनाथ ओलांडून बदलापूरकडे जाताना मलंगगड व तावलीच्या पायथ्याचे गवताळ, विरळ झाडीचे उतार लागतात. कुड्याचे हे घरच होय. कडवटपणामुळे गुरे त्यास तोंड लावत नाहीत. तोडला तरी तो बुंध्यातून पुन्हा फुटतो. पाने समोरासमोर आणि मोडल्यावर चीक, ही लक्षणे तिन्ही कुड्यांत सारखीच असल्याने त्यांवर विसंबू नये. पुढील लक्षणे पाहावीत :

१. फूल : पांढऱ्या कुड्याच्या फुलाचा कंठ मोकळा असतो, परागकोश नळीत दडलेले असतात. काळ्या कुड्याच्या फुलात तंतुमय झालर असून परागकोशांचा शंकू बाहेर डोकावतो.

२. शेंग : पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा लांब, बारीक व एकमेकींपासून सुट्या. काळ्याच्या शेंगा कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या. तांबड्याच्या शेंगा एकमेकींस पूर्ण चिकटून जणू एकच जाड शेंग होते.

३. बी : पांढऱ्याच्या बीवरील केसांचा झुपका शेंगेच्या टोकाच्या दिशेस, तर राइटियात देठाच्या दिशेस असतो.

४. पान : काळ्याचे पान वाळताना निळसर काळे पडते, खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवल्यास तेल जांभळे होते. तांबड्याचे पान लवदार असते.

दुकानातील परीक्षा

साल व बी दुकानात येते तेव्हा फूल नसते, शेंग नसते, बीवरचा झुपकाही झडलेला असतो. तेथे जिव्हा हीच पहिली कसोटी. पांढऱ्या कुड्याची साल व इंद्रयव स्पष्ट तिक्त असतात. काळ्याच्या बियांना बाजारात 'गोडे इंद्रजव' म्हणतात, यातच सर्व आले. पांढऱ्याची साल मोडल्यास भंग आखूड व दाणेदार येतो. शंका राहिल्यास फुला-शेंगांसह वाळवलेला नमुना मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडून तपासून घेता येतो.

काळा कुडा निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. त्वग्विकारांत, विशेषतः दक्षिणेत, त्याच्या पानांच्या तेलाचा वापर रूढ आहे. प्रश्न आहे तो एकाच्या नावाने दुसरे देण्याचा.

ताजे द्रव्य

शार्ङ्गधराने सदैव आर्द्र वापरावयाच्या द्रव्यांत गुडूची, वासा यांच्यासह कुटजाची गणना केली आहे. महिनोन्महिने गोदामात पडलेली साल घेणाऱ्या आपणां सर्वांस हा विचार करावयास लावणारा संकेत आहे. कुडा आपल्या शेजारच्या डोंगरावर आहे; पावसाळ्याच्या आरंभी ठाकूर व कातकरी भगिनी त्याची फुले भाजीसाठी बाजारात आणतात. त्यांना झाडाची जी ओळख आहे, ती आपणही करून घ्यावी. वनजमिनीवरील साल परवानगीवाचून काढू नये, आणि खोडाभोवती पूर्ण वलय तर कधीच सोलू नये. त्याने झाड मरते. स्वतःच्या वा स्नेह्यांच्या जमिनीत चार रोपे लावणे हा अधिक टिकाऊ मार्ग.

औषधालयाच्या मालकांस आमची एवढीच विनंती आहे : कुटजाची नवी पिशवी उघडताच प्रथम एक तुकडा स्वतः चघळावा. तो कडू लागला नाही, तर ती पिशवी रुग्णापर्यंत पोहोचू देऊ नये.