उठा उठा, स्वप्न सुरू झालं!

समजा, तुम्ही दहावीच्या बीजगणिताच्या पेपरला बसला आहात. पेन चालत नाहीये, हॉल तिकीट घरी राहिलंय आणि पर्यवेक्षक म्हणून समोर चक्क तुमचा सध्याचा बॉस उभा! दरदरून घाम फुटलाय. तेवढ्यात डोक्यात ट्यूब पेटते: अरेच्चा, दहावी होऊन तर जमाना झाला! म्हणजे हे स्वप्न आहे! मग काय, पेपर फाडायचा, बॉसला टाटा करायचा आणि खिडकीतून थेट टेक-ऑफ!

अभिनंदन! याला म्हणतात ल्युसिड ड्रीम. झोप चालू, स्वप्न चालू आणि 'हे स्वप्न आहे' याचं भानही चालू. थ्री इन वन!

माहीत आहे का, हे काही लाखात एखाद्याला मिळालेलं वरदान नाही? 2016 साली या विषयावरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाची गोळाबेरीज झाली. त्यात सुमारे 55 टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडल्याचं दिसलं. महिन्यातून किमान एकदा ही मजा लुटणारे होते सुमारे 23 टक्के. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या लंच टेबलवर एखादा तरी नाइट पायलट नक्की बसलेला असणार. विचारून बघा!

पण खरा प्रश्न असा, की झोपलेला माणूस खरोखर स्वप्नात शुद्धीवर होता की सकाळी उठून थापा मारतोय, हे ओळखायचं कसं?

इथे निसर्गाने एक फट ठेवली आहे. ठसठशीत स्वप्नं प्रामुख्याने 'रेम' झोपेत पडतात. तेव्हा मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ बंदच करून टाकतो, नाहीतर स्वप्नातल्या फुटबॉलची किक शेजारी झोपलेल्याला बसायची. डोळ्यांना मात्र ही संचारबंदी लागू नाही. ते बंद पापण्यांआड मोकाट फिरत असतात.

इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाने नेमकी हीच फट हेरली. ॲलन वर्स्ली नावाच्या पट्टीच्या स्वप्नाळूशी त्याने आधीच ठरवून ठेवलं: स्वप्नात भान आलं, की डोळे डावी-उजवीकडे आठ वेळा फिरवायचे. 12 एप्रिल 1975च्या सकाळी वर्स्ली गाढ झोपलेला आणि यंत्राच्या कागदावर ठरलेल्या नागमोडी रेघा उमटू लागल्या. स्वप्नातून बाहेर आलेला पहिला सिग्नल! जगात नजरेने इशारे करणारे अनेक झाले, पण झोपेत डोळा मारून इतिहास घडवणारा हाच. म्हणूनच ल्युसिड ड्रीमिंगचे शौकीन 12 एप्रिल हा आपला सण मानतात.

ट्विस्ट पुढेच आहे. तिकडे अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी काही वर्षांनी अगदी हीच युक्ती लढवली, हर्नच्या प्रयोगाचा पत्ताही नसताना! बड्या नियतकालिकांनी लेख साभार परत पाठवला. अखेर 1981मध्ये तो छापून आला आणि 'असं काही नसतंच' म्हणणाऱ्यांची झोप उडाली.

बरं, माहीत आहे का, की आता स्वप्नातल्या माणसाला गणितंही घालतात? 2021मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार प्रयोगशाळांनी मिळून 36 जणांवर प्रयोग केला. झोपलेल्याला विचारायचं, 'आठ वजा सहा?' त्याने स्वप्नातूनच डोळे हलवून उत्तर द्यायचं: दोन! असे 158 प्रयत्न झाले. सुमारे 18 टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. बहुतेक वेळा तिकडून काहीच हालचाल नव्हती, पण सरळसरळ चुकीचं उत्तर आलं ते फक्त तीनेक टक्के वेळा. आमच्या शाळेत टक्क जागेपणी याहून वाईट निकाल लागलेले आहेत!

आता नोबेलवाले रिचर्ड फाइनमन. हे प्रकरण निवांत वाचण्यासारखं आहे. एमआयटीत शिकताना तत्त्वज्ञानाच्या वर्गासाठी त्यांना निबंध लिहायचा होता. गड्याने विषय घेतला स्वतःच्या झोपेचा! झोप लागताना नेमकं काय होतं, हे रोज टिपता टिपता त्यांना स्वप्नात भान यायला लागलं. मग स्वप्नातल्या वस्तू निरखून बघ, स्वप्नात रंग दिसतात का ते तपास, असे उद्योग सुरू झाले. काही काळाने मेंदूला या चौकशीचा कंटाळा आला असावा. कारण एका स्वप्नात फाइनमनना साक्षात्कार झाला, की आपण पितळेच्या दांडीवर डोकं ठेवून झोपलोय, तिने डोक्याचा मागचा भाग मऊ पडलाय आणि म्हणून आपल्याला ही निरीक्षणं जमतायत. तेव्हा आता पुरे, गाढ झोपावं! जाग आल्यावर बघतात तर दांडीबिंडी काही नाही, डोकंही जागेवर टणक. झोप मोडू नये म्हणून मेंदूने भावी नोबेल विजेत्यालाच शेंडी लावली होती.

मेंदू असा मुरलेला बनेल आहे. डच लेखक आणि मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान ईडन यांनी 1898 ते 1912 या काळातल्या आपल्या 352 ल्युसिड स्वप्नांची नोंद ठेवली होती. एका स्वप्नात त्यांनी वाइनचा ग्लास मुठीने फोडायचा प्रयत्न केला. ग्लास ढिम्म! थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, तर फुटलेला. व्हान ईडन म्हणतात, एंट्री चुकलेल्या नटासारखा तो उशिरा फुटला. स्वप्नातही लॅग असतो तर!

सगळ्यात सुगंधी प्रयोग मात्र फ्रान्सचा. चिनी भाषेचे पंडित मार्की द'एर्व्हे द सँ-दनी पोरवयापासून स्वप्नांची डायरी लिहीत. गावोगाव फिरताना ते एका मुक्कामी एकच अत्तर वापरत. मग काही महिन्यांनी नोकराला सांगून ठेवत, 'कधीतरी, मला न सांगता, मी झोपेत असताना त्यातले दोन थेंब उशीवर टाक.' आणि स्वप्नात तेच गाव हजर! 1867 साली त्यांनी यावर आख्खं पुस्तक काढलं, तेही निनावी. उमराव माणूस, लोक काय म्हणतील!

लाज स्वप्नातही सुटत नाही, हे मेरी अर्नोल्ड-फॉर्स्टर या इंग्रज बाईंनीही सिद्ध केलं. स्वप्नात उडायला त्या शिकल्या, पण लोकांना आपले अधांतरी पाय दिसतील म्हणून त्यांना संकोच वाटे. उपाय? पावलांच्या खालपर्यंत लोंबणारा खास 'फ्लाइंग ड्रेस', अर्थात स्वप्नातच शिवलेला! हे सगळं त्यांच्या 1921च्या पुस्तकात आहे.

आणि आपल्याकडे? मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशी वाटणी आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादातलं 38वं सूत्र सांगतं, की स्वप्न आणि निद्रेतलं ज्ञानही मन स्थिर करायला आधार होऊ शकतं. तिबेटी बौद्धांनी तर स्वप्नयोगाचा रीतसर अभ्यासक्रमच केला. तो नारोपांच्या सहा योगांपैकी एक. टाइमपास म्हणून नाही हं, मोक्षासाठी!

आता मुद्द्याचं: शिकायचं कसं? पहिली पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच बहुतेक जण इथेच गळतात. उशाशी वही ठेवा. जाग आली की कूस बदलायची नाही, मोबाइलला हात लावायचा नाही. स्वप्नाचं हाती लागलेलं शेवटचं टोक धरून मागे मागे जायचं आणि जे आठवेल ते खरडायचं. थोड्या दिवसांनी पानं चाळा. लोकल चारदा चुकलीय, जुनं घर तीनदा आलंय, दात दोनदा पडलेत! ही तुमची ठेवणीतली खूण. पुढच्या वेळी लोकल चुकली की संशय घ्या. (खरीखुरी चुकली तरी घ्या. मस्टरवर मात्र लेटमार्क लागेलच.)

दुसरी पायरी, दिवसभर स्वतःला विचारायचं: हे स्वप्न तर नाही? सिनेमातला हीरो अशा वेळी चिमटा काढायला सांगतो. साफ बिनकामाचं! चिमटा स्वप्नातही लागू शकतो. 'इन्सेप्शन' सिनेमातला स्वप्न ओळखायचा भोवराही विसरा. त्यापेक्षा नाक दाबा आणि श्वास घेऊन बघा. स्वप्नातलं नाक दाबलं, तरी अंथरुणातलं खरं नाक उघडंच असतं, त्यामुळे श्वास बिनधास्त चालू राहतो. जगात नाक दाबलं की तोंड उघडतं. इथे गुपित उघडतं. दुसरी टेस्ट वाचनाची: एखादी पाटी वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नात अक्षरं बदलण्याची शक्यता दांडगी.

तिसरी पायरी पहाटेची. माहीत आहे का, 'पहाटेचं स्वप्न खरं होतं' म्हणणाऱ्या आजीला निदान वेळ तरी अचूक ठाऊक होती? रेम झोप साधारण दर दीड तासाने येते आणि रात्र सरते तसे तिचे डोस लांबत जातात. म्हणून पाचेक तासांनी उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं, शेवटचं स्वप्न आठवायचं. त्यात 'हे स्वप्न आहे' असं आपल्याला कळतंय, हे दृश्य मनात रंगवायचं आणि 'पुढच्या स्वप्नात माझ्या लक्षात येईल' असं मनाशी घोकत पुन्हा झोपायचं. लाबर्ज यांच्या या तंत्राचं नाव 'माइल्ड'. मनी वसे ते स्वप्नी दिसे, फक्त अलार्म लावून!

चालतं का हे? ऑस्ट्रेलियात 2017मध्ये तपासलं. वरच्या तिन्ही गोष्टी एकत्र करणाऱ्यांना आठवड्याभरात सुमारे 17 टक्के वेळा यश आलं. घोकून झाल्यावर पाच मिनिटांत डुलकी लागणाऱ्यांना तर जवळजवळ 46 टक्के! पडल्या पडल्या घोरणाऱ्यांनो, तुमचे दिवस आले.

भान आलं आणि आनंदाने किंचाळलात, की खेळ खल्लास, जाग येते. शांत राहा. दृश्य विरायला लागलं तर स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळा किंवा जागेवर गिरकी घ्या.

फायदा? जर्मनीत काही जणांनी स्वप्नात नाणं कपात टाकायची प्रॅक्टिस केली आणि सकाळी त्यांचा नेम सुधारला. स्वप्नात बैठका मारणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके खरोखर वाढले. पोट मात्र जागेपणीच कमी करावं लागेल, सॉरी! वारंवार दुःस्वप्नं पडणाऱ्यांनाही या तंत्राचा उपयोग होतो का, यावर काम चालू आहे.

शॉर्टकट? अल्झायमरवरच्या गॅलंटामाइन या औषधाची 121 जणांवर चाचणी झाली. 8 मिलिग्रॅमच्या डोसवर 42 टक्क्यांना ल्युसिड स्वप्न पडलं, नुसत्या खोट्या गोळीवर 14 टक्क्यांना. आकडा मोहात पाडणारा आहे, पण हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं औषध आहे. स्वप्नात उडण्यासाठी केमिस्टकडे धाव घेऊ नका.

आणि हो, कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. ते भूत नाही, रेमचं कुलूप उघडायला झालेला उशीर आहे. थोड्या वेळात सुटतं. ज्यांना भ्रम किंवा भास होण्याचा त्रास आहे, त्यांनी मात्र या वाटेला जाऊच नये. बाकीच्यांनी वही आजच घ्या, पण पहाटेचा अलार्म शनिवारी रात्रीच लावा. रविवारी उशिरा उठलात तर घरचे फार फार तर ओरडतील. आणि घरचे ओरडायला लागले की आधी नाक दाबून बघा!