जेवणाच्या सुट्टीतले ५,००० कोराल

डेव्हिड कोप हे नाव आपल्याकडच्या संगीताच्या गप्पांत सहसा निघत नाही. मला मात्र या माणसाने गेली कित्येक वर्षं झपाटलं आहे. यंत्र संगीत रचू लागलं तर रचनाकाराचं काय, हा आजचा घोर कोप यांनी तीस वर्षांपूर्वी एकट्याने अंगावर घेतला होता. त्याबद्दल त्यांनी शिव्याही भरपूर खाल्ल्या. मे २०२५ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी ते गेले.

कोप हे सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संगीत शिकवत. १९८१च्या सुमारास एका ऑपेराचं काम घेऊन बसले आणि काही सुचेना. तेव्हा आपली शैली ओळखून पुढचा स्वर सुचवील असा प्रोग्रॅम त्यांनी लिस्प भाषेत लिहायला घेतला. ‘एक्स्पेरिमेंट्स इन म्युझिकल इंटेलिजन्स’ असं त्याचं लांबलचक नाव, लाडाचं नाव ‘एमी’. पण स्वतःची शैली नेमकी कशात आहे, हेच त्यांना यंत्राला सांगता येईना. मग ते अठराव्या शतकातल्या बाख या रचनाकाराकडे वळले.

एमीचं काम कसं चाले, ते जवळून पाहण्यासारखं आहे. बाखने चार आवाजांत बांधलेल्या चर्चच्या प्रार्थना, म्हणजे कोराल, पावणेचारशेच्या आसपास उपलब्ध आहेत. एमी त्यांचे मात्रेमात्रेला तुकडे करी आणि प्रत्येक तुकड्याजवळ नोंद ठेवी, की यातले चारही आवाज पुढच्या मात्रेला कुठल्या स्वरांवर गेले. नवी रचना करताना एक तुकडा मांडला, की नेमक्या त्याच स्वरांवर सुरू होणारा तुकडा दुसऱ्याच एखाद्या कोरालातून उचलायचा. तुकडे बाखचे, सांधेही बाखचे, वाट मात्र बाख कधी न गेलेली. एवढ्यावर रचना भरकटते, म्हणून कोणता भाग प्रश्नाचा, कोणता उत्तराचा, याचाही हिशेब कोप यांनी घातला. शिवाय एखाद्या रचनाकाराच्या अनेक कृतींत पुन्हा पुन्हा डोकावणारे छोटे स्वरसमूह एमी हुडकून काढी आणि ते न मोडता जपून ठेवी. रागाची पकड जपावी तसंच हे.

एके दिवशी कोप बटण दाबून सँडविच आणायला गेले. परतले तेव्हा बाखच्या शैलीतले ५,००० कोराल तयार होते. १९९३मध्ये ‘बाख बाय डिझाइन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा हे संगीत वाजवायला वादक मिळेनात. शेवटी ते संगणकावर चालणाऱ्या पियानोकडून वाजवून घ्यावं लागलं.

१९९७मध्ये ऑरेगन विद्यापीठात खरी कसोटी झाली. पियानोवादक विनिफ्रेड कर्नर यांनी तीन रचना वाजवल्या. एक खऱ्या बाखची, एक एमीची आणि एक तिथलेच संगीताचे प्राध्यापक स्टीव्ह लार्सन यांची. लार्सन हे कर्नर यांचे पती. श्रोत्यांनी कौल दिला: एमीची रचना बाखची आणि लार्सन यांची रचना यंत्राची. ज्याने आयुष्य संगीताच्या अभ्यासात घातलं, त्याच्यावर भर सभेत यंत्र असल्याचा शिक्का बसला. लार्सन यांना ते फार लागलं, आणि मला त्यात त्यांचा काडीचाही दोष दिसत नाही.

ही कसोटी जुळवून आणण्यात मन आणि यंत्र यांच्या नात्यावर लिहिणारे विचारवंत डग्लस हॉफस्टॅटर यांचा हात होता. १९७९च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात त्यांनी ठासून सांगितलं होतं, की पियानोसाठी लिहिणाऱ्या शोपाँसारखं रचायचं तर यंत्राला आधी जगात वणवण करावी लागेल, दुःख सोसावं लागेल. एमीने यातलं काहीच केलं नव्हतं. तरी रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतविद्यालयात हॉफस्टॅटर यांनी शोपाँचा माझुर्का (पोलिश नाचाच्या ठेक्यावरची रचना) आणि एमीचा माझुर्का शेजारी शेजारी ऐकवला, तेव्हा मुरलेले जाणकारही चकले. पुढे कोप यांच्याच ‘व्हर्च्युअल म्युझिक’ (२००१) या पुस्तकात हॉफस्टॅटर यांनी आपली भीती उघड मांडली: शोपाँ आपण समजतो तेवढा खोल नसेल, किंवा संगीतच खोल नसेल, किंवा मग माणसाचं मनच उथळ असेल.

मला ही तिन्ही अनुमानं पटत नाहीत. एमीने शोपाँचं दुःख सोसलं नव्हतं, पण शोपाँने सोसून लिहिलेलंच ती वापरत होती. ती खोली उसनी होती. आणि मिळालेल्या शेकडो रचनांतून चांगली कोणती, हे ऐकून ठरवणारा कान कोप यांचा होता.

कानाबद्दलचा आणखी एक प्रसंग कोप सांगत. ‘एमिली हॉवेल’ या त्यांच्या नंतरच्या प्रोग्रॅमची एक रचना सांताक्रूझला मैफलीत वाजली. रचनाकार यंत्र आहे, हे ठाऊक नसलेल्या एका रसिकाने येऊन सांगितलं, की इतकं हेलावून टाकणारं फार थोडं ऐकलंय. काही महिन्यांनी तोच गृहस्थ कोप यांच्या व्याख्यानाला आला. तेच संगीत, त्याच मैफलीचं ध्वनिमुद्रण, पण आता माहीत होतं. या वेळी त्याला त्यात जीव नाही, हे लगेच जाणवलं.

एमीची साठवण कोप यांनी शेवटी स्वतः पुसून टाकली. हवं तेव्हा हवं तितकं मिळणाऱ्या रचनेकडे कुणी मन लावून बघत नाही, हे त्यांना उमगलं होतं. नोव्हेंबर २०२५मध्ये डीझर या संगीतसेवेने जाहीर केलं, की तिच्याकडे रोज सुमारे ५०,००० संपूर्ण यंत्रनिर्मित गाणी येतात. एकूण आवकीच्या एकतृतीयांशाहून जास्त. ती करवून घेणाऱ्यांपैकी कुणाला कोप यांच्यासारखं आपलं काही पुसावंसं वाटत असेल, असं मला वाटत नाही.

आपल्या रागसंगीतापुढे एमी अडखळली असती, असं माझं ठाम मत आहे. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर एकच. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. नुसत्या भूपाच्या बंदिशी भरवल्या, तरी तुकडे जुळवता जुळवता यंत्र धैवताभोवती घोटाळलं की देशकार डोकावलाच. गंधारावर किती रेंगाळायचं, हे भातखंड्यांच्या स्वरलिपीतही पुरतं उतरत नाही. तरी यंत्राला राग शिकवायचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. हरि सहस्रबुद्धे हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक, गायिका वीणाताई सहस्रबुद्धे यांचे पती. कुठल्या स्वरावरून कुठे जाता येतं, याचा नकाशा म्हणून राग मांडायचा आणि त्यावरून यंत्राकडून रागशुद्ध नमुने करवून घ्यायचे, हे काम त्यांनी पुणे विद्यापीठातून १९९२मध्ये प्रसिद्ध केलं. २००३मध्ये कानपूर आयआयटीत ‘तानसेन’ ही राग ओळखणारी प्रणाली झाली. तिची चाचणी दोनच रागांवर झाली, यमन कल्याण आणि भूपाली. आणि पकड शोधायला शिकवल्यावरच ती सुधारली.

आजच्या यंत्रांना स्वरलिपी लागत नाही. ती ध्वनिमुद्रणं ऐकून शिकतात, त्यामुळे मींड, श्वास, आवाजातली खरखर, सगळं त्यांच्या पोटात जातं. कोप यांनी ज्याचं घेतलं, तो बाख १७५०मध्येच गेला होता. आता घेतलं जातं ते हयात माणसांचं, आणि शैलीसोबत त्यांचा गळाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४मध्ये अरिजित सिंग आणि २०२५मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखलं. मला त्या आदेशांचा मनापासून आनंद झाला. पण त्यांचं संरक्षण नामवंताच्या ओळखीला आहे. जुन्या तबकड्यांवर गायिकेच्या मागे सारंगी धरणाऱ्याचं नाव लेबलावर बहुधा छापलेलंच नसे. त्याची मींडही यंत्राने तितक्याच बारकाईने ऐकली असेल, आणि त्याच्या वतीने कोर्टात उभं राहायला आज कुणी नाही.