कार्बोरेटर उघडण्याआधी

तंजावरच्या आसपास कावेरीच्या कालव्यांचं जाळं पसरलेलं आहे. तिथल्या अरुंद बांधांवरून दुधाचे कॅन, खताच्या गोण्या आणि भाताची पोती वाहून नेण्याचं काम मोपेड करते. होसूरच्या टीव्हीएसने 1980मध्ये दोघांना बसता येईल अशी मोपेड आणली, आणि तेव्हापासून तमिळ शेतकऱ्याचं हे कुठेही जाणारं वाहन झालं. चार जाड चाकांची एटीव्ही तिथल्या शेतात क्वचितच दिसते. आपल्याकडे ती नागाव किंवा काशीदच्या वाळूवर पर्यटकांना फिरवताना दिसते. पण दोन्हींचं इंजिन एकाच जातीचं आहे: एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं, आणि जुन्या गाड्यांत तरी कार्बोरेटरवर चालणारं. म्हणून दोन्हींची दुखणीही सारखीच असतात. चोक ओढल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आयडलिंग टिकत नाही, रेस सोडली तरी इंजिन बराच वेळ वर घोंगावत राहतं, उतारावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. अशी गाडी गॅरेजमध्ये आली की पहिला पाना कार्बोरेटरला लागतो. हा क्रम उलटा आहे, असं माझं म्हणणं आहे. कार्बोरेटर सर्वांत शेवटी उघडावा. त्याआधी इंजिन चोरून हवा घेत नाही ना, हे पाहावं.

हिशेब पाहिला की यामागचं कारण कळतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. लिटरमध्ये मोजलं तर एका लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा होते. हे प्रमाण राखणं हेच कार्बोरेटरचं काम, पण तो फक्त स्वतःच्या नळीतून जाणाऱ्या हवेलाच पेट्रोल देऊ शकतो. त्याच्या पुढे, म्हणजे कार्बोरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डला चीर पडली, तर तिथून शिरणाऱ्या हवेचा त्याला पत्ताच लागत नाही. मिश्रण पातळ होतं. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. अशा वेळी मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्यापर्यंत, कधी त्याहून खाली उतरतो आणि इंजिन मिळेल त्या फटीतून हवा ओढतं. तेव्हा इंजिनला एकूण हवाच थोडी लागत असल्यामुळे केसाएवढ्या चिरेतून आलेली हवाही त्यात मोठा वाटा उचलते. पूर्ण रेसला तीच चीर जाणवत नाही. म्हणूनच हमरस्त्यावर सुरळीत पळणारी गाडी सिग्नलला बंद पडते, आणि मालक म्हणतो, ‘पळते छान, फक्त उभी राहत नाही.’ या एका वाक्यातच निदानाचा बराचसा भाग आलेला असतो.

तुंबलेला स्लो जेटही मिश्रण पातळच करतो, म्हणून दोन्हींत गल्लत होते. दोन्हींत अर्धा चोक ओढला की गाडी सुधारते, दोन्हींत प्लग पांढुरका निघतो. फरक शोधायचा तो रेस सोडल्यानंतर. जेट तुंबलेला असेल तर आयडलिंग खाली येतं आणि इंजिन विझतं. मिक्स्चर स्क्रू आत-बाहेर फिरवला तरी आवाजात फरक पडत नाही. हवा शिरत असेल तर आयडलिंग एका जागी टिकत नाही. कधी वर चढतं, कधी पडतं, आणि रेस सोडल्यावर खाली यायला वेळ घेतं. खात्री करायला इंजिन आयडलिंगवर ठेवून साध्या फवारणीच्या बाटलीने मॅनिफोल्डच्या सांध्यांवर, क्लॅम्पभोवती आणि व्हॅक्यूमच्या नळीच्या टोकाशी पाण्याचा बारीक फवारा मारावा. एखाद्या जागी फवारा बसताच इंजिनचा आवाज बदलला, तर गळती तिथेच आहे. कार्बोरेटर क्लीनरच्या स्प्रेने फरक अधिक ठळक कळतो, पण तो पेट घेणारा पदार्थ आहे आणि तापलेला सायलेन्सर हाताच्या अंतरावर असतो. म्हणून पाणीच बरं. थंड इंजिनात चीर मिटलेली असू शकते. त्यासाठी कार्बोरेटर हाताने हळूच डावी-उजवीकडे वाकवावा, म्हणजे रबर ताणलं जाऊन फट उघडते. टू-स्ट्रोक इंजिनात मॅग्नेटोच्या बाजूचं ऑइल सील झिजूनही हवा शिरते. तिथे फवारा पोहोचत नाही. इंजिनची तोंडं बंद करून आत सहा पीएसआयच्या आसपास दाब भरावा आणि तो टिकतो का ते पाहावं.

यावर अनुभवी मिस्त्री म्हणेल की कार्बोरेटर साफ केला की दहातल्या बऱ्याच गाड्या सुधारतात, मग हा खटाटोप कशाला? त्या गाड्या सुधारतात हे खरं आहे. पण साफसफाईसाठी कार्बोरेटर काढावा लागतो, आणि परत बसवताना ढिला झालेला क्लॅम्प आवळला जातो, रबर नव्या जागी बसतं, कधी ओ-रिंगही बदलली जाते. गळती तिथेच थांबलेली असू शकते, आणि श्रेय मात्र जेट फुंकण्याला मिळतं. म्हणून तपासणी उघडण्याच्या आधी व्हायला हवी. नंतर केली तर काय बदलल्यामुळे काय सुधारलं हे सांगताच येत नाही. शिवाय आयडलिंग टिकावं म्हणून मिस्त्री मिक्स्चर वाढवतो किंवा मोठा जेट टाकतो, आणि पितळी जेटमध्ये तार घातली तर त्याचं भोक कायमचं बिघडतं. पुढे मॅनिफोल्ड बदलला की तीच गाडी काळा धूर ओकू लागते. तंजावरमध्ये आधी नोंद आणि मग उपचार या पद्धतीला मोठी परंपरा आहे. सर्फोजीराजे दुसरे यांच्या (1798–1832) काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. शस्त्र हाती घेण्याआधी डोळ्यात काय दिसतं ते नेमकं टिपून ठेवायचं, ही शिस्त पाना हाती घेणाऱ्यालाही तितकीच लागू आहे.

पातळ मिश्रणाने मायलेज वाढतं, मग थोडी गळती असली तर बिघडलं कुठे, असंही ऐकू येतं. थोडं पातळ मिश्रण कार्बोरेटरमधून, मोजून दिलेलं असतं. गळतीची हवा वेगानुसार बदलते आणि बहुतेक वेळा एअर फिल्टरला वळसा घालून येते. कावेरीच्या गाळाची पिठूळ धूळ किंवा मळणीचा भुसा त्या वाटेने थेट पिस्टन रिंगपर्यंत पोहोचतो. शिवाय पातळ मिश्रणाने सिलिंडर हेड तापतं, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला मे महिन्यातल्या तंजावरच्या उन्हात ते सोसत नाही. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. 2025मध्ये देशभर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. त्या इंधनाला जळायला हवा कमी लागते, गुणोत्तर साडेतेराच्या जवळ येतं. जुन्या कार्बोरेटरच्या जेटचं भोक मात्र तेवढंच राहतं. म्हणजे गळती नसतानाही जुनी गाडी आधीच थोडी पातळ चालते. या इंधनासाठी न बनवलेलं जुनं रबर इथेनॉलने फुगतं, नंतर कडक होऊन चिरतं. मॅनिफोल्डचं रबर बोटाने दाबून पाहण्याची गरज दहा वर्षांपूर्वी होती त्याहून आज जास्त आहे.

शेवटचा आक्षेप असा की 1 एप्रिल 2020पासून बीएस-6 आलं, नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे, मग कार्बोरेटरची चर्चा कशाला? एक तर जुन्या मोपेड, पॉवर वीडर आणि फवारणी पंप अजून रोज चालतात आणि त्यांच्यावर अजूनही कार्बोरेटर बसवलेला आहे. दुसरं असं की इंजेक्शनमुळे मॅनिफोल्डचं रबर चिरायचं थांबत नाही. तिथे चीर पडली की ऑक्सिजन सेन्सर जास्तीची हवा ओळखतो आणि कॉम्प्युटर त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो. गाडी ठीक चालते, फक्त मायलेज घटतं. कॉम्प्युटरची भरपाईची मर्यादा संपली, की मगच डॅशबोर्डवरचा दिवा लागतो. तोवर फिल्टर चुकवून आलेली धूळ सिलिंडर घासत राहते.