एल हिएरो : पवनऊर्जेला पाण्याची जोड

स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातील एल हिएरो बेटाला बाहेरून वीज आणणारी समुद्राखालची केबल नसल्यामुळे मागणीइतकी निर्मिती क्षणोक्षणी बेटावरच करावी लागते, आणि 2014 पर्यंत हा भार जवळजवळ सर्वस्वी डिझेल जनित्रांवर होता. त्या वर्षी सुरू झालेल्या गोरोना डेल व्हिएंतो प्रकल्पात प्रत्येकी 2.3 मेगावॅटच्या पाच पवनचक्क्या असून, वारा भरपूर असताना उरलेल्या विजेने खालच्या जलाशयातील पाणी सुमारे 650 मीटर वर, ज्वालामुखीच्या विवरात चढवले जाते आणि वारा पडला की तेच पाणी टर्बाइनवर सोडले जाते. महाराष्ट्रातील घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्पही याच तत्त्वावर चालतो.

खरी कसोटी मात्र वारंवारितेची, म्हणजे प्रवाहाच्या दर सेकंदाच्या आवर्तनांची आहे. ती 50 हर्ट्झच्या आसपास राखताना मोठ्या जाळ्याला शेकडो फिरत्या जनित्रांच्या जडत्वाचा आधार मिळतो. एवढ्याशा जाळ्यात वारा किंचित मंदावला तरी ती ढळते, म्हणून येथे कित्येकदा एकीकडे टर्बाइन फिरती ठेवून दुसरीकडे पंपांचा वेग कमीजास्त केला जातो. यात काही वीज वाया जाते, पण स्थैर्यासाठी ती किंमत रास्तच म्हणावी लागेल.

2019 च्या उन्हाळ्यात बेट सलग 24 दिवस केवळ नवीकरणीय विजेवर चालले. तरी त्या वर्षीचा एकूण वाटा निम्म्याहून थोडाच अधिक राहिला, कारण खालचा जलाशय वरच्याच्या निम्म्याहूनही लहान असल्याने साठा दीर्घकाळ पुरत नाही. डिझेल केंद्र त्यामुळे मोडीत निघालेले नाही.