उसाचा हंगाम, सुट्टीचा प्रवास आणि अंधारातली ट्रॉली

डिसेंबर उजाडला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या रस्त्यांवर दोन हंगाम एकाच वेळी उतरतात. एक सुट्टीचा. नाताळला जोडून रजा टाकून पुण्या-मुंबईहून गावी येणारी कुटुंबे, मोरगाव, पंढरपूर, अक्कलकोटला निघालेले भाविक, शाळांच्या सहलींच्या एसटी गाड्या, उजनीच्या पाण्यावर उतरलेले रोहित पक्षी पाहायला भिगवण-कुंभारगाव गाठणारे हौशी लोक. दुसरा हंगाम उसाचा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो असे कारखाने या काळात रात्रंदिवस गाळप करतात आणि त्यांची गव्हाण रिकामी राहू नये म्हणून ट्रॅक्टर, डबल ट्रॉल्या, ट्रक आणि टायरगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. हिवाळी प्रवासाचे नेहमीचे सल्ले इथेही लागू आहेतच. दारू पिऊन स्टिअरिंग धरू नये, झोप येत असेल तर गाडी बाजूला घ्यावी. सीटबेल्ट आणि हेल्मेटला पर्याय नाही. 2022 या एका वर्षात देशात हेल्मेट नसलेले 50,029 आणि सीटबेल्ट न लावलेले 16,715 जण रस्त्यांवर दगावले. पण या दोन तालुक्यांतला हिवाळ्याचा खास धोका वेगळा आहे. तो म्हणजे अंधारात न दिसणारे, संथ चाललेले किंवा बंद पडून उभे राहिलेले उसाचे वाहन.

हा धोका नेमका कसा तयार होतो ते पाहू. ट्रॉलीत ऊस भरताना तो मागे आणि बाजूंना बाहेर येतो. मागचा दिवा असला तरी त्याच्यावर वाढे लोंबतात, रिफ्लेक्टर असला तर शेतरस्त्याच्या धुळीने झाकला जातो. वाळलेल्या पाचटाचा रंग रात्री रस्त्याच्या रंगात मिसळून जातो. भरलेला ट्रॅक्टर ताशी 15-20 किलोमीटरने चालतो आणि मागून येणारी मोटार 80 ने. या तफावतीमुळे मोटार त्याच्याकडे 60 किलोमीटरच्या वेगाने झेपावत असते. आता मोटारीच्या बाजूचे गणित. 80 च्या वेगात अडथळा ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबायला आणखी साधारण 36 मीटर लागतात. एकूण 70 मीटर. समोरून वाहन येते म्हणून लाइट डिपरवर घेतला, की रस्ता जेमतेम 50 मीटरपर्यंत नीट दिसतो. म्हणजे बंद पडून उभी असलेली ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावण्याची वेळ टळून गेलेली असते. अशा वेळी चालकाचे कौशल्य, गाडीची किंमत, एअरबॅगांची संख्या यांचा फारसा उपयोग उरत नाही. हाच वेग 60 वर आणला तर थांबण्याचे अंतर 45 मीटरवर येते, म्हणजे दिव्याच्या उजेडाच्या आत. रात्री या भागात 60 च्या पुढे न जाण्याचा आग्रह मी धरतो तो या हिशेबामुळे.

देशभरातल्या अपघातांपैकी साधारण एक पंचमांश अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत होतात. जूनमध्ये या वेळेचा पहिला तास उजेडात जातो. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि हे तिन्ही तास अंधारात सापडतात. शनिवारी दुपारी काम संपवून पुण्याहून निघालेला माणूस नेमका याच वेळी भिगवण-इंदापूरच्या टप्प्यात पोचतो. पक्षी पाहायला जाणाऱ्यांचे उलट आहे. सूर्योदयाला काठावर असायचे म्हणून ते पहाटे चारला पुणे सोडतात, आणि उजनीचा फुगवटा, नीरा डावा कालवा आणि भिजवलेली शेते यांमुळे धुके दाटते ते त्याच वेळी. धुक्यात अप्पर लाइट लावला तर तो पाण्याच्या कणांवरून परतून डोळ्यांवरच येतो. डिपर लावून, वेग अर्ध्यावर आणून, कडेची पांढरी पट्टी धरून चालावे. समोर काहीच दिसेनासे झाले तर रस्ता सोडून धाब्यावर किंवा पंपावर थांबावे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: रस्ता आमच्या पायाखालचा आहे, खड्डा न् खड्डा पाठ आहे. वळणे आणि खड्डे पाठ होतात हे खरे. पण एक्सल तुटलेली ट्रॉली रोज नव्या जागी उभी असते आणि तिच्याभोवती खूण म्हणून ठेवलेले दगड ट्रॉली गेल्यावर तसेच रस्त्यावर राहतात, तेही दुचाकीवाल्याच्या वाटेत. दुसरा आक्षेप वेळेचा. बारामती ते इंदापूर हे अंतर सुमारे 50 किलोमीटर. 80 ऐवजी 60 ने गेल्यास बारा-तेरा मिनिटे जास्त लागतात. तिसरा आक्षेप असा, की रस्ते आता वेगासाठीच बांधलेत. पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी आहे, काटेवाडी, भवानीनगर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग रुंद झाला आहे. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी 100 ची कमाल मर्यादा घातली होती. पण कमाल मर्यादा दिवसा-रात्री सारखीच लिहिलेली असते, डोळ्यांना दिसणारे अंतर मात्र रात्री घटते. शिवाय रुंद रस्त्यामुळे मोटारीचा वेग वाढला, ट्रॅक्टरचा वाढला नाही. दोघांमधली तफावत मोठी झाली, आणि माणसे मरतात ती त्या तफावतीमुळे.

सगळ्यात वजनदार आक्षेप मोटारवाल्यांचाच आहे: आम्ही सांभाळून चालवू, पण बिनादिव्याच्या ट्रॉलीचे काय? तो रास्त आहे. वाहनाच्या मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर असणे कायद्याने बंधनकारक आहे. वाहतूकदाराची बाजू अशी, की खेपेमागे पैसे मिळतात, डोक्यावर कारखान्याची उचल असते, आणि थांबून दिवा पुसायला सवड नसते. त्याची ओढाताण मला मान्य आहे. बीडकडून आलेले ऊसतोड कुटुंब टायरगाडीवर बसून पहाटे कारखान्याकडे जाते, तेव्हा मागून धडक बसली तर पहिला बळी त्यांचाच जातो. म्हणूनच रिफ्लेक्टर त्यांच्याही जिवासाठी आहे. प्रश्न अंमलबजावणीचा. पोलीस आणि आरटीओ दर फाट्यावर उभे राहू शकत नाहीत. प्रत्येक वाहन मात्र दर खेपेला एका जागी थांबतेच, ती जागा म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. वाहतुकीचा करार कारखान्याशी असतो, बिल कारखाना काढतो. रिकामे वाहन काट्यावरून बाहेर पडताना मागचा दिवा पेटतो का, एवढे पाहायला अर्धे मिनिट लागते. भरलेल्या उसावर मागून बांधायचे चमकणारे लाल कापड कारखान्याने द्यावे, त्याची किंमत एका खेपेच्या भाड्यापुढे किरकोळ आहे. ट्रॅक्टरवर कर्कश गाणी लावल्यामुळे मागचा हॉर्न ऐकू येत नाही, तो आवाजही गेटवरच बंद करता येईल. रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, त्यांचे फोटोही छापून येतात. पण एकदा चिकटवलेली पट्टी पंधरा दिवसांत मातीने झाकते, म्हणून तपासणी रोजची हवी. सरकारचे रस्ता सुरक्षा अभियान जानेवारीत येते आणि गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच सुरू झालेले असते. ऊसपट्ट्यात हे अभियान मोळी टाकण्याच्या दिवसापासून सुरू झाले पाहिजे.

अपघात झालाच तर मदतीला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या 134अ कलमाने जखमीला सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 हे क्रमांक फोनमध्ये आजच घालून ठेवा. सुट्टीला निघताना शक्य असेल तर ऊन असेपर्यंत मुक्कामी पोचा, नसेल तर 60 वर राहा. आणि आपण कारखान्याचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत उसाच्या दरासोबत काट्यावरच्या दिवे-तपासणीचाही प्रश्न विचारा.